हात बसेपर्यंत

प्रोस्टेटचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावर तो पुन्हा डोके वर काढणार की नाही, हे कशावर ठरते? रोग किती पसरला होता, पेशी किती आक्रमक होत्या, ही उत्तरे डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेली होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातले संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू विकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली वेगळाच प्रश्न विचारला. सुरी हाती घेणाऱ्या सर्जनाने त्याआधी अशा किती शस्त्रक्रिया केल्या होत्या? १९८७ ते २००३ या काळातल्या ७२ सर्जनांचे ७,७६५ रुग्ण त्यांनी तपासले. जेमतेम दहा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या सर्जनाच्या रुग्णांत पाच वर्षांत रोग परतण्याची शक्यता १७.९ टक्के निघाली. अडीचशे झालेल्या सर्जनाच्या रुग्णांत १०.७ टक्के. रोगाची तीव्रता हिशेबात धरूनही हा फरक उरला. सुधारणेचा आलेख साधारण अडीचशे शस्त्रक्रियांनंतर कुठे सपाट झाला.

अडीचशे हा आकडा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. वर्षाला अशा दहा शस्त्रक्रिया करणाऱ्या यूरॉलॉजिस्टला तिथे पोहोचायला पंचवीस वर्षे लागतील. म्हणजे हात पुरता बसेल तोवर निवृत्ती समोर दिसू लागलेली असेल. आणि मधल्या काळात ज्यांच्यावर तो हात बसत गेला त्या माणसांचे काय? त्यांना कोणी सांगितलेले नसते की ते आपल्या सर्जनाच्या अकराव्या किंवा चाळिसाव्या क्रमांकावर आहेत. शिकण्याची किंमत असतेच. ती कोण मोजतो, एवढाच प्रश्न आहे. मूत्रमार्गाच्या आणि पुरुष जननेंद्रियांच्या कर्करोगांवर काम करणाऱ्या सर्जनांसाठी जे उच्च प्रशिक्षण जगभर उभे राहिले, ज्याला सगळीकडे नुसते ‘फेलोशिप’ म्हणतात, ते या प्रश्नाला दिलेले आजवरचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. शिकाऊ हाताशेजारी बसलेला हात ठेवायचा आणि किंमत रुग्णाच्या माथी पडू द्यायची नाही, ही त्यामागची कल्पना. पुढील पानांचा विषय हाच आहे.

अमेरिकेत आणि कॅनडात या प्रशिक्षणाची सूत्रे १९८४ साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ यूरोलॉजिक ऑन्कोलॉजी या संघटनेकडे आहेत. यूरॉलॉजीची रेसिडेन्सी पुरी केलेला डॉक्टर साधारण दोन वर्षांसाठी एखाद्या मोठ्या केंद्रात दाखल होतो. त्यातला एक भाग संशोधनाचा आणि दुसरा ऑपरेशन थिएटर, ओपीडी आणि वॉर्ड यांचा असतो. कॉलेज, वैद्यकीय पदवी आणि पाच-सहा वर्षांची रेसिडेन्सी यांची बेरीज केली तर फेलो बाहेर पडतो तेव्हा पस्तिशीला टेकलेला असतो. विशेष म्हणजे या दोन वर्षांच्या शेवटी कोणतीही स्वतंत्र बोर्ड परीक्षा नाही. बालयूरॉलॉजीसाठी अमेरिकन बोर्डाचे वेगळे प्रमाणपत्र आहे, कर्करोगासाठी नाही. तरीही जागांसाठी चुरस असते, कारण कोणत्या केंद्रात, कोणाच्या हाताखाली, किती आणि कोणत्या शस्त्रक्रिया केल्या, हेच इथले प्रमाणपत्र मानले जाते.

या परंपरेच्या मुळाशी एक माणूस आहे. विलेट व्हिटमोर. १९५१ ते १९८४ ही तीन दशके ते न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात यूरॉलॉजीचे प्रमुख होते, आणि यूरॉलॉजीतील कर्करोगशास्त्राचे जनक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. शस्त्रक्रियेत ते निष्णात होतेच, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या पिढीला त्यांनी लावलेली खरी सवय शंका घेण्याची होती. हा रोग बरा होण्यासारखा आहे का? असेल, तर तो बरा करण्याची गरज आहे का? प्रोस्टेटच्या कर्करोगात हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. स्वतः व्हिटमोर १९९५ साली प्रोस्टेटच्याच कर्करोगाने गेले.

त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे वजन समजायला जगाला फार वेळ लागला. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ या चाचणीत प्रोस्टेटपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसती देखरेख अशा तीन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली आले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने मरण पावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात रोग शरीरात पसरण्याचे प्रमाण जास्त होते, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. पण शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वाट्याला लघवी न थांबण्याचा आणि लैंगिक दुर्बलतेचा त्रास अधिक आला, हेही तितकेच खरे. फेलोसमोर ओपीडीत साठीचा गृहस्थ बसलेला असतो, बायोप्सीच्या कागदावर ‘कर्करोग’ हा शब्द असतो, मुलगा वडिलांना म्हणतो की काढून टाकू या एकदाचे. अशा वेळी ‘थांबू या, दर काही महिन्यांनी रक्त तपासू, गरज पडली तर पुन्हा बायोप्सी करू’ हे ठामपणे सांगायला जो आत्मविश्वास लागतो तो पुस्तकातून येत नाही. आपला वरिष्ठ हे वाक्य रोज कसे बोलतो, घाबरलेल्या घराला कसे समजावतो, हे शेजारी बसून पाहावे लागते. ज्याने दोनशे शस्त्रक्रिया केल्या आहेत त्याने ‘नको’ म्हटले तर ते ऐकले जाते. म्हणून शस्त्रक्रिया न करण्याचे शिक्षणही शेवटी थिएटरमधूनच जाते.

थिएटरमधल्या शिक्षणाची गोष्ट तर अधिकच रंजक आहे. हात म्हणजे नुसती सफाई नव्हे; आपण काय कापतो आहोत हे माहीत असणे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर पाऊणशे वर्षे ती शस्त्रक्रिया म्हणजे रक्ताचा पूर आणि जवळजवळ हमखास नपुंसकत्व असेच समीकरण होते. हे अटळ आहे, असे धरून चाललेले असे. त्याच हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श १९८१ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे गेले असताना त्यांची गाठ पीटर डोंकर या निवृत्त यूरॉलॉजी प्राध्यापकांशी पडली. डोंकर मृतावस्थेत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीरात मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचा माग काढत होते. प्रौढ देहात चरबी आणि तंतूंच्या गुंत्यात दिसेनाशा होणाऱ्या नसा इथे स्पष्ट दिसत. लिंगाकडे जाणाऱ्या नसांचे काय, असे वॉल्शनी विचारले. डोंकरांनी त्या कधी शोधल्या नव्हत्या. दोघांनी मिळून काही तासांत त्या शोधल्या. त्या प्रोस्टेटच्या आवरणाबाहेरून जात होत्या. म्हणजे प्रोस्टेट काढूनही त्या वाचवता येणार होत्या. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्शनी जाणीवपूर्वक नसा राखून पहिली शस्त्रक्रिया केली.

त्या वेळी वॉल्श शिकाऊ नव्हते, विभागप्रमुख होते. तरीही दुसऱ्याच्या टेबलाशी उभे राहून शिकण्याची त्यांची तयारी होती. फेलोशिपचा गाभा हाच आहे, आणि तो वयावर किंवा पदावर अवलंबून नाही.

रोबोट आल्यावर हेच चक्र नव्याने फिरले. मूळचे भारतीय असलेले मणि मेनन यांनी २००० सालानंतर डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रियेचा मोठा कार्यक्रम उभा केला. त्याआधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकण्यासाठी त्यांनी फ्रान्समधल्या सर्जनांची मदत घेतली होती. रोबोटने प्रशिक्षणाला दिलेली मोठी देणगी म्हणजे दुहेरी कन्सोल. २००९ पासून मिळू लागलेल्या यंत्रांत गुरू आणि फेलो दोन वेगवेगळ्या कन्सोलवर बसून एकच चित्र पाहतात आणि यंत्राचे हात एका क्षणात एकाकडून दुसऱ्याकडे देता येतात. फेलो नसांच्या जुडग्याजवळ अडखळला, की गुरू नियंत्रण आपल्याकडे घेतो, चार हालचाली करून दाखवतो आणि परत देतो. खुल्या शस्त्रक्रियेत ओटीपोटाच्या खोल खबदाडात एका वेळी एकालाच नीट दिसत असे. मदतनीस म्हणून उभ्या असलेल्या तरुणाला रिट्रॅक्टर धरून ठेवण्यापलीकडे फारसे काही दिसत नसे.

यंत्र मात्र अनुभवाची जागा घेत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये ३२६ पुरुषांवर झालेल्या चाचणीत खुली आणि रोबोटिक शस्त्रक्रिया समोरासमोर ठेवली गेली. २०१६ साली आलेल्या पहिल्या निष्कर्षांत लघवीवरचे नियंत्रण आणि लैंगिक क्षमता या दोन्ही बाबतींत तीन महिन्यांच्या टप्प्यावर दोन्ही बाजू सारख्याच ठरल्या. खुली शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनाच्या मागे दीड हजारांहून अधिक शस्त्रक्रिया होत्या. रुग्णालयांच्या जाहिरातींतून रोबोटचे छायाचित्र झळकते, तो चालवणाऱ्याने किती शस्त्रक्रिया केल्या आहेत याचा आकडा झळकत नाही. लोकांना त्या आकड्याची जास्त गरज आहे.

प्रोस्टेटवरच इतका वेळ गेला, कारण तिथला अभ्यास सर्वांत दाट आहे. पण फेलोची कसोटी लागते ती इतर अवयवांत.

वृषणाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्यावे. हा मुख्यतः पंधरा ते पस्तीस वयाच्या तरुणांचा रोग. १९७४ साली इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन हे औषध इतर दोन औषधांबरोबर वापरले, आणि शरीरभर पसरलेला हा रोगही बरा होऊ लागला. सर्जनचे काम संपले असे कोणाला वाटले असते. झाले उलटे. औषधानंतर पोटात मागे, महारोहिणीला चिकटून उरलेल्या गाठी काढल्या, तर त्यांत साधारण चाळीस टक्के वेळा नुसते मृत ऊतक सापडते, जवळपास तितक्याच वेळा टेराटोमा, म्हणजे औषधाला न जुमानता वाढत राहू शकणारी गाठ, आणि उरलेल्या दहा-पंधरा टक्के वेळा जिवंत कर्करोग. बाहेरून यातले काय आहे ते खात्रीने सांगता येत नाही. म्हणून त्या गाठी काढाव्याच लागतात. आइनहॉर्न यांच्याच विद्यापीठातले सर्जन जॉन डोनह्यू यांनी ही शस्त्रक्रिया घडवली आणि वीर्यस्खलनाच्या नसा राखून ती कशी करायची हेही दाखवले. विशीतल्या मुलाला पुढे बाप होता येईल की नाही, हे त्या काही नाजूक तंतूंवर ठरते. सर्वसाधारण यूरॉलॉजिस्टच्या वाट्याला अशी शस्त्रक्रिया आयुष्यात एक-दोनदा येईल. ती त्याने करू नये.

आणि हा रोग पहिल्याच पावलावर बिघडवताही येतो. वृषणाची संशयित गाठ जांघेतून काढायची असते; अंडकोषाला छेद द्यायचा नसतो, कारण त्याने लसिकावाहिन्यांचा नैसर्गिक मार्ग मोडतो. हायड्रोसील, म्हणजे अंडकोषात साठलेले पाणी, समजून अंडकोषातून शस्त्रक्रिया झालेली मुले आपल्याकडच्या कर्करोग रुग्णालयांत येतच असतात. फेलोशिपमधून बाहेर पडलेला सर्जन आपल्या जिल्ह्यात ही एक गोष्ट शंभर डॉक्टरांच्या कानावर घालू शकला, तरी त्याची दोन वर्षे कारणी लागली.

मूत्राशयाचा कर्करोग वेगळाच धडा देतो. दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ खरवडून काढण्याचे काम बहुतेक रुग्णालयांत ‘लहान केस’ मानून ज्युनियरला दिले जाते. पण नमुन्यात स्नायूचा थर आलाच नाही, तर रोग स्नायूत शिरला आहे की नाही हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. आणि मूत्राशय ठेवायचे की काढायचे हा सगळा निर्णय त्या एका थरावर अवलंबून असतो. ज्याला लहान मानले जाते तेच इथे सर्वांत निर्णायक, आणि चांगल्या केंद्रांत फेलोला या कामाची उजळणी सुरुवातीलाच करायला लावतात. वरवरच्या रोगात मूत्राशयात बीसीजीची लस सोडतात. कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली हा उपाय प्रसिद्ध केला, आणि अशा वापरासाठीचे बीसीजी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही बनवते. बीसीजी कधी सुरू करायचे हे पुस्तकात असते. ते लागू पडत नाही हे वेळेत ओळखून रुग्णाला मूत्राशय काढण्यासाठी तयार करणे अवघड.

मूत्राशय काढल्यावर लघवीला वाट करून द्यावी लागते. एक तर पंधरा-वीस सेंटिमीटर आतडे वापरून पोटावर तोंड काढायचे आणि तिथे पिशवी लावायची, किंवा अर्धा मीटरहून अधिक आतडे वापरून आत नवे मूत्राशय शिवायचे. बर्न किंवा लॉस एंजेलिसच्या केंद्रांत शिकलेला फेलो दुसऱ्या पर्यायाकडे सहज ओढला जातो. पण रुग्ण नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातला असेल, तर प्रश्नांची यादी बदलते. पिशव्या तालुक्याला मिळतात का, दर महिन्याला परवडतात का? नवे मूत्राशय नीट रिकामे झाले नाही तर स्वतः नळी घालायला तो शिकेल का? रक्तातले क्षार बिघडले तर ते कोण तपासणार? ही उत्तरे परदेशी फेलोशिप देऊ शकत नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा वॉर्ड देतो.

टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. तिथे काम अवयववार गटांत विभागलेले आहे. यूरो-ऑन्कोलॉजीच्या गटात सर्जन, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसतात. फेलोचे निम्मे शिक्षण या बैठकीत होते. मूत्रपिंडाचा कर्करोग पसरलेला असताना मूत्रपिंड काढावे, हा अनेक वर्षांचा रिवाज होता. २०१८ साली आलेल्या ‘कार्मेना’ या ४५० रुग्णांच्या चाचणीने दाखवले, की अशा अनेकांना नुसत्या औषधाने तितकेच आयुष्य मिळते. ज्या सर्जनला औषधाच्या बाजूचे हे ज्ञान नाही, तो सुरी उचलत राहील. उलट दिशेने, याच रुग्णालयाने २२४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत जास्त जोखमीच्या प्रोस्टेट कर्करोगात फक्त प्रोस्टेटला नव्हे, तर ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही किरण दिल्यास रोग अधिक काळ काबूत राहतो असे २०२१ साली दिसले. किरणोपचाराचे हे बळ ठाऊक असलेला सर्जनच रुग्णासमोर दोन्ही वाटा सारख्या प्रामाणिकपणे ठेवू शकतो.

भारतातली अडचण मुळातच निराळी आहे. इथे या कर्करोगांकडे येणाऱ्या वाटा दोन. एमएसनंतर यूरॉलॉजीत एमसीएच केलेला डॉक्टर तीन वर्षांत मुतखडे, प्रोस्टेटची साधी वाढ, मूत्रमार्गाचे अडथळे, मूत्रपिंडरोपण हे सगळे शिकतो; कर्करोग त्यातला एक भाग. दुसरा डॉक्टर सर्जिकल ऑन्कोलॉजीत एमसीएच करतो. त्याचे दिवस तोंड, स्तन, जठर, आतडे यांत जातात आणि दुर्बीण हाती येते ती क्वचित. पहिल्याला लसिकाग्रंथींच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा सराव कमी, दुसऱ्याला मूत्राशयाच्या आतले काम परके. फेलोशिपने या दोघांना एका टेबलावर आणले पाहिजे, आणि ज्या केंद्रांनी ते केले आहे तिथे दोघेही एकमेकांकडून शिकतात.

शिकण्यासारखे इथे भरपूर आहे. शिश्नाचा कर्करोग अमेरिकेत इतका दुर्मीळ आहे, की तिथल्या फेलोला दोन वर्षांत मोजकेच रुग्ण दिसतात. भारतात, विशेषतः ग्रामीण भागात, तो अजून नेहमी भेटतो, आणि बहुधा लाजेमुळे उशिरा. जांघेतल्या लसिकाग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेत कातडी जगवणे, जखम भरून आणणे, पाय सुजू न देणे यांत भारतीय सर्जनांचा हात जगातल्या कोणापेक्षा कमी नाही. याउलट परदेशी जाणाऱ्या अनेक भारतीय डॉक्टरांच्या वाट्याला नुसते निरीक्षण येते. परवाना नसल्याने ते मागे उभे राहून पाहतात, हात लावू शकत नाहीत. विकर्सच्या आलेखात अशा उभे राहण्याला फारसे मोल नाही.

केस एकवटणे हा हात बसवण्याचाच पुढचा भाग. इंग्लंडमध्ये २००२ साली राष्ट्रीय मार्गदर्शनाने सांगितले, की प्रोस्टेट आणि मूत्राशय काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया वर्षाला एकूण किमान पन्नास करणाऱ्या पथकांनीच कराव्यात, आणि यांपैकी एखादी शस्त्रक्रिया वर्षाला पाचांहून कमी करणाऱ्या सर्जनने आपले रुग्ण दुसरीकडे पाठवावेत. शिश्नाच्या कर्करोगासाठी तर चाळीस लाख लोकवस्तीमागे एक केंद्र. यातून रुग्णांना लांब जावे लागते, ही तक्रार खरी आहे. पण फेलोशिप चालवायची तर केस एका ठिकाणी याव्याच लागतात; विखुरलेल्या केसवर कोणाचाच हात बसत नाही. महाराष्ट्रात नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर अशा मोजक्या शहरांत हे काम एकवटता येईल, आणि २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग केंद्रांच्या जाळ्याच्या दूरस्थ ट्यूमर बोर्डांमुळे, म्हणजे दुरून होणाऱ्या बहुतज्ज्ञ बैठकींमुळे, तिथला तरुण सर्जन अवघड निर्णयात एकटा राहत नाही. याची गरज वाढतच जाणार आहे: २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगातले प्रोस्टेट कर्करोगाचे नवे रुग्ण २०२० मधल्या १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाखांवर जातील असा अंदाज दिला. वाढ मुख्यतः गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होणार आहे.

केस एकवटल्या, की निकालांचा हिशेबही हवा. ब्रिटनमधल्या यूरॉलॉजी सर्जनांच्या संघटनेने २०१३ पासून मूत्रपिंड काढण्याच्या शस्त्रक्रियांचे आकडे सर्जनच्या नावानिशी प्रसिद्ध केले. भारतात असे काही नाही. सुरुवात फेलोपासून करता येईल. प्रत्येक फेलोचे लॉगबुक, त्यात कोणती शस्त्रक्रिया त्याने स्वतः केली, कोणती मदतनीस म्हणून, कडेला रोग राहिला का, रक्त किती गेले, रुग्ण नव्वद दिवसांनी कसा आहे. आणि हे लॉगबुक बाहेरच्या परीक्षकाने तपासल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. हे कसे करावे, त्यासाठी कोणत्या नोंदी पुरतील आणि खर्च कोणी उचलावा, याची चर्चा पुढील लेखांत आहे.